कानेपांच्या आईचा फ्रिज

आमच्या ब्युनोस आयर्समध्ये फेब्रुवारीत मन बिघडून घ्यायची सोय नाही. आमचा भर उन्हाळा तेव्हाच, त्यामुळे शहरातले सगळे मानसोपचारवाले एकाच सुमारास दारं लावतात आणि समुद्रावर जातात. ज्याला रडायचं असेल त्यानं जानेवारीत रडून घ्यावं, नाहीतर मार्चपर्यंत दम धरावा. मीही गेली अठ्ठावीस वर्षं हेच करत आले. माझं नाव नोएमी. धंदा लोकांचं ऐकण्याचा. आणि त्या वर्षापर्यंत माझी ठाम समजूत होती की खोलीचं दार ओढून घेतलं की पेशंट आतच राहतो.

आमच्यात हे एकमेकांना बजावून सांगायची पद्धत आहे. पेशंटचा विचार घरी नेऊ नये. नेणारा कच्चा. असं म्हणताना प्रत्येकजण दुसऱ्याच्या नजरेला नजर द्यायचं टाळतो, पण ते माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

एव्हारिस्तो कानेपा माझ्याकडे सहा वर्षं दर मंगळवारी पाच वाजता यायचे. वय चोपन्न. काम लिफ्ट तपासण्याचं. दर सहा महिन्यांनी एकेका इमारतीची लिफ्ट वरखाली करून बघायची, दोर तपासायचे, आणि आतल्या चौकटीतल्या कार्डावर सही करायची. "अर्ध्या शहरात माझी सही टांगलेली आहे डॉक्टर," ते एकदा म्हणाले होते, "आणि ती आजवर एकाही माणसानं वाचलेली नाही." मी तेव्हा वहीत 'सही' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. बस.

जानेवारीतल्या शेवटच्या मंगळवारी ते कोचावर पडल्या पडल्या म्हणाले, "डॉक्टर, तिकडे समुद्रावर माझा विचार येतो का हो कधी तुमच्या मनात?"

आमच्या दुकानात या प्रश्नाला एकच उत्तर ठेवलेलं असतं. मी ते दिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"येत नसावा."

"हं."

"बायको तर केव्हाच सोडून गेली. आई होती तोवर निदान एकीला तरी वाटायचं, हा जेवला की नाही. गेल्या जुलैत तीही गेली. उरलात तुम्ही. आणि तुम्ही फेब्रुवारीत नसता." "महिनाभरात तुमच्या मनात मी एकदाही आलो नाही, तर मार्चमध्ये परत येऊन करू काय? खरंच सांगा."

मी खरंच काही सांगितलं नाही. वाट पाहिली. वाट पाहिली की माणूस बोलतो.

"आईचं घर आवरायला गेलो होतो," कानेपा म्हणाले. "सगळं जिथल्या तिथं. चपलासुद्धा. स्वयंपाकघरात गेलो, सहज फ्रिज उघडला, आणि आत बघतो तर..."

"इथं थांबू या," मी म्हणाले आणि उठले.

हे दुष्टपणाचं वाटेल, पण आमच्या पंथाची ती रीतच आहे. आम्ही पॅरिसच्या शिकवणीतले. आमचं सेशन घड्याळावर चालत नाही. पेशंटच्या तोंडून वजनदार शब्द निघाला की तिथंच तोडायचं, म्हणजे तो शब्द त्याला आठवडाभर आतून कुरतडत राहतो आणि काम होतं. लंडनच्या पंथातले लोक पेशंटला पुरी पन्नास मिनिटं देतात, रेशन दिल्यासारखी. माझा तर तोडण्यात हातखंडा. तरुण मंडळी मला बघून शिकतात. कानेपांनी बिचाऱ्यांनी जाकीट घातलं, निघताना सगळेच करतात तसं गालाला गाल लावला आणि गेले. त्यांचा गाल ओला होता. जानेवारीचा उकाडा, घाम असणार, असं मला वाटलं.

शनिवारी आम्ही गाडी काढली. मी, माझा नवरा हेक्तोर, आणि मागच्या सीटवर मांडीवर डबे घेऊन सासूबाई. वाटेत दोलोरेस गावापाशी कॉफीला थांबायचं म्हणून हेक्तोरनं गाडी बाजूला घेतली आणि मी एकदम ओरडले, "आत काय होतं?"

हेक्तोरनं करकचून ब्रेक मारला. एक डबा पुढे आला.

"कशाच्या आत?"

"काही नाही."

"नोएमी, मी दिवसभर लोकांच्या दाढा बघतो. सुट्टीवर जाताना 'ती खालची डावी काय म्हणत असेल' म्हणून ओरडताना ऐकलंयस मला कधी?"

"दाढ वाक्य अर्धवट सोडत नाही," मी म्हणाले.

"आणि अर्धवट सोडायला लावलं कोणी?" ते त्याला ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं. पण तीस वर्षं संसार केलेला नवरा, नेम बरोबर बसला.

व्हिज्या हेसेलला आमच्या किनाऱ्यावर चाळीस राहुट्या आहेत, कापडी, एकीला एक चिकटून. त्यातल्या एकतीस आमच्या धंद्यातल्या लोकांच्या. वर्षभर ज्यांची तोंडं चुकवायची, त्यांच्याशेजारी महिनाभर उघड्या अंगानं बसायचं, अशी ही सुट्टी. आमचा नंबर अकरा. बारा नंबरात डॉक्टर आबेलार्दो, वय एक्याऐंशी, माझे वडीलधारे. आमच्यात प्रत्येकाला असा एक वडीलधारा असतो. केस अडली की नाव-गाव झाकून त्याच्यापुढे मांडायची. ते नियमात बसतं. चार दिवस मी तग धरला. वाळूत बसले की फ्रिज, पाण्यात शिरले की फ्रिज. पाचव्या दिवशी मी त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

एक गोष्ट मी विसरले होते. आबेलार्दो वाळूच्या धास्तीनं कानातलं यंत्र काढून डबीत ठेवतात.

"काय म्हणतेस पोरी?" ते गरजले. "आई मेली? बरं! मुलानं फ्रिज उघडला? बरं! आणि आत?"

"तिथंच मी तोडलं," मी त्यांच्या कानात म्हणाले.

"तिथं तोडलंस?" एक्याऐंशी वर्षांचा माणूस खुर्चीतून उभा राहिला. "शाबास! सुंदर! पण मग आत होतं काय?"

चाळीस राहुट्यांमध्ये शांतता पसरली. कोणीतरी 'माते' या आमच्या कडवट पाल्याच्या चहाचा शेवटचा घोट नळीतून ओढला, तेवढाच आवाज.

दुपारपर्यंत किनाऱ्याचे तट पडले. आबेलार्दोंचं म्हणणं, फ्रिज रिकामा. रिकामाच असला पाहिजे. आईची जागा रिकामी, म्हणून फ्रिज रिकामा, यावर त्यांनी उभ्यानं पाऊण तास व्याख्यान दिलं. लंडनवाल्यांनी ते हाणून पाडलं. त्यांच्या मते दूध. नासलेलं दूध, आणि मुलाला त्याचा राग. सात नंबरातल्या जोडप्याचं म्हणणं, फ्रिजमध्ये काय आहे याला महत्त्वच नाही, सगळ्या कुटुंबाला बोलवा आणि फ्रिजलाही बोलवा. सासूबाई विणकाम करत ऐकत होत्या.

"मिलानेसा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मिलानेसा असणार. दोन. बशीवर बशी झाकून. आई मरायला टेकली तरी पोरासाठी मांसाचे दोन तुकडे तळून ठेवते आणि मग मरते. तुम्हा शिकलेल्यांना नाही कळायचं." सुया थांबल्या नाहीत. "तुझ्या फ्रिजमध्ये माझ्या मुलाला काय सापडतं? अर्धं लिंबू."

संध्याकाळी लंडन पंथातली राकेल बगलेत थर्मास धरून माझ्या राहुटीत आली. एका परिषदेत भांडण झाल्यापासून राकेलनं एकोणीस वर्षं मला 'कशी आहेस' म्हणून विचारलं नव्हतं.

"अगं, वय काय त्याचं?" ती म्हणाली.

"सांगता येणार नाही."

"नको सांगूस. घे, माते घे." तिनं भांडं माझ्या हातात दिलं आणि इकडेतिकडे बघितलं. "तुझा फ्रिजवाला परवडला. माझ्याकडे एक बाई आहेत, कुत्र्याला तीन नावांनी हाका मारतात. तीन वेगवेगळ्या. गेली चार वर्षं मी पोहताना ती नावं म्हणते. एक हात, एक नाव. थांबवता येत नाही."

"मग तू कच्ची," मी म्हणाले.

"तर! आणि तू पक्की!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की हेक्तोर डोकावून गेला. पण तिच्यामुळे बांध फुटला. दुसऱ्या दिवसापासून माणसं एकेक करून येऊ लागली. तेवीस नंबरातल्या गृहस्थांना एक नोटरी पेशंट आंघोळीच्या वेळीच आठवायचा, एरवी कधीच नाही. एका तरुण मुलीनं कबूल केलं की दुकानात स्वेटर बघितला की तो पेशंटला शोभेल का, असं तिच्या मनात येतं, आणि मग ती घाबरून दुकानाबाहेर येते. स्वतः आबेलार्दो, ज्यांनी आम्हा सगळ्यांना तो नियम घोकून घेतला होता, ते मला म्हणाले, "एकोणसाठ साली एक शिंपी यायचा माझ्याकडे. त्याला नवी नोकरी लागली का गं शेवटी?" आता हे मी कुठून सांगणार! समुद्रात चिटपाखरू नव्हतं. जीवरक्षक कंटाळून आपल्या उंच खुर्चीवरून खाली उतरला आणि म्हणाला, "डॉक्टर, बुडायला कोणी येतच नाही, तर मलाही सांगा, काय होतं त्या फ्रिजमध्ये?"

मला ठाऊक असतं तर! गावात फोनचं एक दुकान होतं, काचेच्या खोक्यात बसून बोलायचं. मी दोनदा गेले. पेशंटला आपण होऊन फोन करायचा नाही, हा आमचा पहिला नियम. पोहण्याच्या कपड्यांवर टॉवेल गुंडाळून मी नंबर फिरवला. "बोला, कानेपा," पलीकडून आवाज आला. मी फोन ठेवून दिला. चार दिवसांनी पुन्हा तेच. "बोला, कानेपा." पुन्हा ठेवला. काय बोलणार होते? 'नमस्कार, तुमचं बरं चाललंय ना ते राहू द्या, फ्रिजचं सांगा'?

तिसऱ्या आठवड्यात चुरोवाला आला, साखरेत घोळलेल्या तळलेल्या कांड्या विकणारा. डोक्यावर टोपली, अंगात पांढरा डगला, तीन किनारे पायी करून यायचा.

"डॉक्टर, ऐकलंत का? एका माणसानं फ्रिज उघडला तर आत त्याची मेलेली आईच बसलेली! म्हणाली, 'दार लाव रे, गारवा जातो.'"

"कोणी सांगितलं?"

"पिनामारला सगळे हेच बोलतायत. तिकडे म्हणे दोघाजणांची मारामारी झाली. एक म्हणे बसलेली, एक म्हणे उभी."

सगळी राहुटी हसली. मीही हसायला तोंड उघडलं, पण हसू आलंच नाही. इथपासून पिनामारपर्यंत सगळा किनारा फ्रिजचा विचार करत होता. त्या फ्रिजसमोर उभ्या असलेल्या माणसाचा विचार कोण करत होतं? मीसुद्धा नाही. तीन आठवडे मी त्या दाराच्या आत बघत होते. दार धरून उभे असलेले कानेपा मला दिसलेच नव्हते. आणि मग तो ओला गाल आठवला. माझ्या खोलीत एसी असतो. जानेवारीत तिथं पेशंट शाल मागतात. तो घाम नव्हताच.

मला माझी इतकी लाज वाटली की मी चुरो तसाच वाळूत खोचून ठेवला आणि उठले.

तिसरा फोन मी त्या दिवशी केला. तीनच शब्द पाठ केले होते: 'कसे आहात, कानेपा?' "बोला, कानेपा," ते म्हणाले. आवाज आधीपेक्षा बारीक झाला होता. अठ्ठावीस वर्षांचा नियम आडवा आला. मी फोन ठेवला.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी मी कन्सल्टिंग रूमवर आले ती धसका घेऊनच. येतील का? 'परत येऊन करू काय' म्हणाले होते. लिफ्टमध्ये शिरले, नेहमीप्रमाणे आरशात केस सारखे केले, आणि आरशाशेजारच्या चौकटीकडे पहिल्यांदा बघितलं. तपासणीचं कार्ड. बारा सह्या, दर सहा महिन्यांनी एक. प्रत्येक सहीत तोच मोठा, गोल, शाळकरी क: कानेपा, कानेपा, कानेपा. सहा वर्षं हा माणूस मी खाली कोसळू नये म्हणून दोर तपासत होता, आणि सहा वर्षं मी त्याच्या नावाशेजारी उभी राहून केस विंचरत होते. कानेपा एका शब्दानं बोलले नव्हते कधी. मी लिफ्टमध्येच रडले, वर जाईपर्यंत.

पाच वाजता घंटा वाजली.

कानेपा कोचावर आडवे झाले नाहीत. जाकीटसुद्धा न काढता कडेला बसले. वाळले होते.

"निरोप घ्यायला आलोय डॉक्टर. न सांगता जाणं बरं दिसत नाही म्हणून."

"का?"

"हिशेब साधा आहे. पूर्ण फेब्रुवारीत माझा फोन तीन वेळा वाजला. तीनदा. प्रत्येक वेळी मी धावत गेलो, एकदा तर अंगाला साबण होता. आणि तिन्ही वेळा पलीकडच्या माणसानं माझा आवाज ऐकला न ऐकला तोच ठेवून दिला." ते हसायचा प्रयत्न करत होते. "चुकीचे नंबरसुद्धा मला टाळतात डॉक्टर. इतकं कळल्यावर माणसानं आशा धरू नये."

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. 'हं' म्हणायचं, वहीत 'फोन' लिहून खाली रेघ मारायची, आणि नियमानं वागलेली बाई म्हणून खिडकीतून त्यांना जाताना बघायचं. पेन हातात होतं.

"ते फोन माझे होते," मी म्हणाले.

कानेपांनी माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांत समोरासमोर असं आम्ही कधी बघितलं नव्हतं.

"तुमचे?"

"माझे. टॉवेल गुंडाळून. काचेच्या खोक्यातून."

"कशासाठी?"

"पहिले दोन फ्रिजसाठी," मी म्हणाले. आता खोटं कशाला बोलायचं? "आत काय होतं ते कळेना म्हणून मला महिनाभर झोप नाही. तिसरा तुमच्यासाठी होता. कसे आहात हे विचारायचं होतं. तोंडच उघडलं नाही."

मग कानेपांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. हसता हसता त्यांनी जाकीट काढलं, डोळे पुसले, पुन्हा हसले.

"महिनाभर?"

"महिनाभर. सासूबाईंचं म्हणणं मिलानेसा." इथं मी जीभ चावली, पण सुटलेला शब्द परत येत नाही. "नाव कोणाला सांगितलेलं नाही. पण कानेपा, पिनामारपर्यंत लोक अडलेत. आणि सगळा दोष माझा आहे."

"पिनामारपर्यंत!" ते हळूच म्हणाले, जणू कोणी त्यांच्या आईची चौकशी केली होती. ते कोचावर आडवे झाले, हात पोटावर ठेवले. चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्यांच्या काय, कोणत्याच पेशंटच्या पाहिलं नव्हतं. "सांगतो. चपला दारात होत्या. स्वयंपाकघरात गेलो. फ्रिज उघडला. आतला दिवा लागला. वरच्या खणात काही नाही. मधल्या खणात काही नाही. आणि खाली, भाजीच्या खणात बघतो तर..."

मी खुर्चीच्या टोकावर आले होते. वही खाली पडली.

कानेपा थांबले. छताकडे बघत राहिले. मग उठून बसले, शांतपणे जाकीट घातलं, कॉलर नीट केली.

"इथं थांबू या," ते म्हणाले.

"अहो, कानेपा! अजून चाळीस मिनिटं आहेत!"

"असू देत. पुढच्या मंगळवारी."

त्यांनी गालाला गाल लावला. कोरडा होता. दार उघडून ते लिफ्टमध्ये शिरले. मी दारातच उभी राहिले. आत फोन वाजायला लागला. आबेलार्दोच असणार, सकाळपासून तिसऱ्यांदा. मी तो वाजू दिला आणि लिफ्ट नीट खाली पोचून तिचं दार उघडल्याचा आवाज येईपर्यंत कान देऊन ऐकत राहिले.